मिठाच्या रेघा

नत्थूजी जमीन चाखून पाहायचा.

सौंसरच्या बाजाराच्या मैदानात, भर लोकांत, तो उकिडवा बसायचा. ओलं बोट जमिनीवर घासायचा आणि जिभेवर ठेवायचा. मग डोळे मिटून थांबायचा, मुरत घातलेल्या लोणच्याचा खार चाखावा तसा. येणारेजाणारे हसायचे. तो हसू द्यायचा.

"काय गा नत्थूजी, मीठ बरोबर हाये का?"

"आळणी हाये. म्हणूनच बरी हाये."

ही सवय समुद्रावरची. नत्थूजी घरातला धाकटा. शेत मोठ्या भावाच्या हाताखाली होतं आणि दोघांना पुरेल एवढं काम त्यात नव्हतं. लढाईच्या दिवसांत भरती करणारे सौंसरला आले तेव्हा तो रांगेत उभा राहिला. घरी सांगून गेला की बंदूक घेऊन येतो. त्याला बंदूक मिळाली नाही. बादली आणि कुंचा मिळाला.

कोकणातल्या एका बंदरावर लष्करी मोटारींचा तळ होता. शेकडो ट्रक दाटीनं उभे असायचे. कोणता ट्रक कुठं उभा राहील, कुठून वळेल, कुठून बाहेर पडेल, हे जमिनीवरच्या पांढऱ्या रेघा सांगायच्या. त्या रेघा राखणं हे नत्थूजीचं काम. रेघ मारणं सोपं होतं. राखणं अवघड. वाऱ्यातून मीठ यायचं, धुक्यातून यायचं, लाटेचे तुषार यायचे. वरून रंग ठीक दिसायचा आणि खालून मिठाचा लोणा फुटायचा. मग भाजलेल्या पापडासारखा रंगाला फोड यायचा आणि एका सरीत रेघ वाहून जायची.

तिथल्या मुकादमानं त्याला शिकवलं. आधी गोड्या पाण्यानं जमीन धू. वाळू दे. चाखून बघ. खारट लागली तर पुन्हा धू. आळणी लागली की मगच कुंचा उचल. नत्थूजीनं ते मनावर घेतलं. गोडं पाणी लांबच्या विहिरीवरून आणावं लागे. तो आणायचा. पावसाळ्यात बाकीच्यांच्या रेघा जायच्या, त्याच्या टिकायच्या. झेंडा बदलला त्या दिवशीसुद्धा त्याला पहाटे उठवून रेघा ताज्या करायला लावलं होतं. गोरा साहेब सामान घेऊन निघाला. त्याची गाडी नत्थूजीच्या रेघेमधूनच बाहेर गेली. ही गोष्ट तो पुढं फार सांगायचा.

"जाता जाता बी रेघ नाई मोडली त्यानं. माही रेघ होती ते."

त्याची बायको पंचफुला त्याच्याबरोबर त्या बंदरावर सहा-सात वर्षं राहिली. तिचं माहेर पांढुर्ण्याच्या पलीकडचं, जाम नदीकाठचं सावरगाव. कोरड्या हवेत वाढलेली बाई. तिथं पापड वाळत नव्हते. काडेपेटी पेटत नव्हती. लुगड्याला कायम ओला वास. मिठाच्या बरणीत मिठाचं पाणी. ती "का"ला "काहून" म्हणाली की शेजारणी तोंडाला पदर लावून हसायच्या आणि पाठीमागं तसंच बोलून दाखवायच्या. पहिल्यांदा तीही हसली. मग ती बोलेनाशी झाली. पंचफुलासारखी बाई दिवसभर बोलत नाही हे लक्षात यायला नत्थूजीला उशीर लागला. लक्षात आलं तेव्हा त्यानं हिशेब मागितला आणि दोघं परत आली. निघताना मुकादम म्हणाला, "केव्हाही ये. तुझी जागा राहील."

हे पंचफुलानं ऐकलं होतं.

सौंसरच्या मैदानाची तेव्हा दशा झाली होती. नागपूरच्या आणि छिंदवाड्याच्या मोटारी तिथंच थांबायच्या. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून बैलगाड्या तिथंच सुटायच्या. संत्र्याच्या, कापसाच्या. जिथं जागा दिसेल तिथं गाडी. नागपूरच्या मोटारीला बाहेर पडायला दिवेलागण व्हायची. एकदा मोटारीच्या चाकाखाली एका गाडीचं जू मोडलं आणि मारामारी होता होता राहिली.

बाजाराचे पंच बसले. केशवराव त्यांत मोठे. किराण्याचे ठोक व्यापारी, शांत माणूस, बोललेलं मागं न घेणारा. ते म्हणाले, गाड्यांचं मैदान नाल्यापलीकडं न्यावं. इथं फक्त मोटारी. शेतकऱ्यांना ते परवडणारं नव्हतं. नाल्यापलीकडून संत्र्याच्या टोपल्या डोक्यावरून आणायच्या म्हणजे बाया-माणसांचे हाल.

नत्थूजीला कुणी बोलावलं नव्हतं. तो उभा राहिला.

"मैदान पुरते, केशवराव. रेघा नाई म्हणून पुरत नाई. मले द्या. समुद्राले पुरून उरलो मी. हे तं सौंसर."

मागून बापूजी बोलले. जामसांवलीजवळच्या गावचे बागाईतदार. वय झालेलं, जीभ तरणी.

"अन् बैलाले वाचता येते काय गा, तुही रेघ?"

सगळे हसले. केशवरावही हसले. पण त्यांनी नत्थूजीला काम दिलं. दिवाळीनंतरच्या दोन गर्दीच्या बाजारांपर्यंत मुदत. तेवढ्यात जमलं तर गाड्या इथंच. नाही जमलं तर नाल्यापलीकडं, आणि नत्थूजीचं काम संपलं.

घरी पंचफुलानं ताट वाढलं आणि विचारलं, "अन् नाई जमलं तं?"

"तं समुद्र हायेच."

"मंग तुमी जा. मी सावरगावले जाईन."

तो हसला. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं पांढुर्ण्याच्या मोटारीत ओळखीच्या माणसाजवळ आपल्या भावाला निरोप दिला. दिवाळीनंतरच्या दुसऱ्या बाजारी गाडी घेऊन ये. गरज पडली तर मी निघेन.

नत्थूजीनं काळ्या मातीवर मुरूम टाकून घेतला. पाणी मारून धुम्मसानं ठोकला. सुतळी ताणली. वाकाच्या कुंच्यानं चुन्याचे चौकोन आखले. एका अंगाला मोटारींसाठी लांबट, दुसऱ्या अंगाला गाड्यांसाठी आखूड. पाहणारा थक्क व्हावा असं ते दिसत होतं. झाडलेलं मैदान, त्यावर पांढरेशुभ्र चौक.

पहिल्या बाजारी एकही गाडी चौकात शिरली नाही. गाडीवाले दुरूनच बैल वळवायचे. चौकांच्या मधल्या वाटांवर गाड्या दाटीवाटीनं उभ्या राहिल्या आणि चौक रिकामे. एक म्हातारी तर चपला हातात घेऊन कडेकडेनं गेली.

नत्थूजी एकेकाला विचारत फिरला. शेवटी एक गाडीवाला कानाशी येऊन म्हणाला, "भरलेल्या चौकात बैल कसा घालाव, भाऊ? पूजा कोणाची हाये थे तं सांग."

लग्नाला चौक भरतात, पूजेला भरतात. भरलेल्या चौकात कोण बैल घालील? नत्थूजीनं कपाळावर हात मारला नाही. त्यानं ओलं फडकं घेतलं आणि प्रत्येक चौकाची एक बाजू पुसून टाकली. तोंड उघडं असलं की तो चौक नव्हे, गोठा. पुढच्या बाजारी गाड्या आत शिरल्या.

मग दुसरी अडचण आली. हवा कोरडी, चुना झटकन वाळायचा आणि भुकटी होऊन उडायचा. नत्थूजीनं विचार केला. चुन्यात मीठ घातलं तर तो ओल धरतो, सावकाश वाळतो, घट्ट बसतो. भिंती रंगवणारे घालतातच. समुद्रावर ज्या मिठाशी सारी उमर भांडलो, त्याला आता कामाला लावू. या विचारानं तो इतका खूश झाला की दोन दिवस शीळ घालत फिरला. खडेमीठ विरघळवून चुन्यात घातलं, हात राखून नाही. रेघा दगडासारख्या बसल्या. वारा सुटला, हलल्या नाहीत.

बाजार झाला की मात्र त्या नाहीशा होत.

सगळ्या नाही. मोटारींकडच्या जशाच्या तशा. गाड्यांकडच्या गेलेल्या. बाजारभर नत्थूजी मोटारींच्या अंगाला उभा राहून मोटारी मागंपुढं करायचा. संध्याकाळी इकडं येऊन बघावं तर रेघ पुसल्यासारखी. त्यानं ओळखलं की कुणीतरी मुद्दाम करतं. आणि मुद्दाम कोण करणार हेही ओळखलं.

"बापूजी, माह्या रेघा पुसून तुमाले काय भेटते?"

"मले? मले संत्री विकून फुरसत नाई. तुह्या रेघा तुह्यावाणीच हायेत. बोलाले पक्क्या, टिकाले कच्च्या."

नत्थूजी तसाच परत फिरला. त्यानं रेघा पुन्हा मारल्या. मीठ आणखी वाढवलं.

दिवाळी त्याच दिवसांत आली. आणि दिवाळीच्या तोंडावर राज्यही बदललं. सौंसर मध्य प्रदेशात राहिलं, पण राजधानी भोपाळला गेली. नागपूर, जिथं सौंसरची पोरं शिकायला जात, दवाखान्याला जात, लग्नाचा बस्ता काढायला जात, ते मुंबई राज्यात गेलं. मोटार मात्र तीच, वेळही तीच. स्टँडवर लोकांना थट्टेला विषय मिळाला.

"कंडक्टर, परमुलखाची मोटार आली म्हणा की."

"नत्थूजी, तिकडची सीमा तूच आखून रायला का? मंग काई भेव नाई. बाजार झाला की पुसून जाईन."

तो म्हणाला, "माही असती तं टिकली असती." पण आवाजात पहिला दम नव्हता. घरी पंचफुलानं फळीवरची पत्र्याची पेटी खाली काढून पुसून ठेवली होती. कुणाची, त्याची की तिची, हे दोघांनीही बोलून दाखवलं नाही.

दिवाळीनंतरचा पहिला बाजार. कापूस, संत्री, माणसं, सगळं दाटलेलं. दुपारी गाड्यांकडून आरडाओरडा ऐकू आला. बापूजींचा पांढरा बैल तोंड उघडून उभा होता. ओठांना, जिभेला, हनुवटीला पांढरा फेस. शेजारच्या बैलाच्या तोंडालाही तसाच. त्याच्या पलीकडच्याही.

कुणीतरी म्हणालं, "खुरकूत."

हा शब्द मोठ्यानं बोलावा लागत नाही. जनावरांच्या तोंडाचा आणि खुरांचा हा रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात चालत जातो. माणसं भाव सोडून, टोपल्या सोडून गाड्यांकडे धावली. जो तो आपले बैल ओढू लागला. बैल हलेनात. केशवराव दुकानातून उठून आले. त्यांनी बैल पाहिले आणि चेहरा उतरला.

"गाड्या बाहेर काढा. सावकाश. पुढच्या बाजारापासून नाल्यापलीकडंच लावायच्या. आता विचार कसला?"

नत्थूजी गर्दीतून पुढं आला. त्यानं पाहिलं, बैल हलत नव्हते. आजारी जनावर मान टाकतं. हे बैल मान खाली घालून काहीतरी शोधत होते. त्यानं बापूजींच्या बैलाचा जबडा धरला. बोट त्याच्या जिभेवरून फिरवलं. आणि ते बोट आपल्या तोंडात घातलं.

बायांनी तोंडं फिरवली. कुणीतरी "अरे बाप्पा" म्हणालं.

नत्थूजीनं डोळे मिटले. नेहमीसारखा थांबला. मग डोळे उघडून पायाखाली बघितलं. जिथं रेघ होती तिथं ओला मुरूम होता आणि त्यावर खरबरीत जिभेचे पट्टे.

"खुरकूत नाई," तो म्हणाला. "चुना हाये. अन् मीठ. माहंच मीठ हाये."

सगळ्यांच्या देखत बापूजींच्या बैलानं मान खाली घातली आणि उरलेली रेघ चाटायला सुरुवात केली. दुसऱ्या बैलानं त्याला शिंगानं ढोसलं आणि स्वतः चाटू लागला.

"म्हणजे," बापूजी सावकाश म्हणाले, "तू माह्या बैलालेच चुना लावला."

हसू आधी मागून आलं. मग ते सगळ्या मैदानावर पसरलं. भ्यालेली माणसं हसतात तसं, पोट धरून. नत्थूजीही हसला. बापूजींना म्हणाला, "तुमचं नाव घेतलं होतं मी. चोर तुमचाच निघाला, पण तुमी नाई."

"हाव. अन् चोरानं वाचली तुही रेघ."

केशवराव हसले नाहीत. "रोग नाही, हे चांगलं झालं," ते म्हणाले. "पण रेघाही नाहीत, नत्थूजी. दर बाजारी बैल चाटणार आणि तुम्ही मारणार. एक बाजार राहिला. बोललो ते बोललो."

गाड्या गेल्या. नत्थूजी मैदानात थांबला. मुरुमावर चाकांच्या चाकोऱ्या उमटल्या होत्या. तो त्या बघत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालला. मग परत चालला. कुठंही चाकोरी वाकडी नव्हती. रेघा नव्हत्या, आणि गाड्या रेघेवर ठेवल्यासारख्या सरळ उभ्या राहिल्या होत्या. दिवसभर. बैलांना ओढावं लागलं तेव्हा कुठं त्या हलल्या.

तो चालत थेट केशवरावांच्या दुकानी गेला.

"गोणीच्या बुडाचं मीठ द्या मले. ओलं झालेलं, गाळाचं. विकल्या जात नाई ते."

"पुन्हा मीठ?" केशवराव म्हणाले.

"पुन्हा मीठ. पण आता रेघेत नाई."

केशवरावांनी त्याच्याकडे बघितलं आणि नोकराला हाक मारली. गोणी उघडली तेव्हा ओलसर वास आला. नत्थूजीला तो ओळखीचा होता. हे मीठ तिकडूनच आलं होतं.

त्या आठवड्यात त्यानं रेघा धुऊन काढल्या. बोटानं चाखल्या. आळणी लागल्या तेव्हा बेलफळाचा गर घातलेला चुना घेतला आणि नव्यानं आखल्या. गर सरसासारखा चिकट. गावातल्या बैलांपुढं त्यानं थोडा चुना टाकून पाहिला, बैलांनी हुंगून सोडून दिला. मग प्रत्येक गाडीच्या जागेपुढं, जिथं बैलांची तोंडं येतात तिथं, एकेक खोलगट दगड पुरला. दगडात ओलं खडेमीठ ठोकून बसवलं.

पंचफुला भाकरी घेऊन आली तेव्हा तो शेवटचा दगड बसवत होता.

"समुद्रावून आणलं का हे मीठ?" तिनं विचारलं.

"स्वतःच चालत आलं. म्हणे, तुमी गेले, आमाले करमत नाई."

तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. "दादा येऊन रायला बाजारी. मी निरोप मोडला नाई."

"येऊ दे. त्याच्या बी बैलाले जागा हाये."

बाजाराचा दिवस उजाडला. पहिली गाडी बापूजींची. त्यांनी कासरा ओढायच्या आत पांढऱ्या बैलानं वळण घेतलं, आपल्या जागी जाऊन उभा राहिला आणि मान खाली घातली. चाकं दोन रेघांच्या बरोबर मधोमध. बापूजी गाडीवर बसून राहिले. सैल कासरा त्यांच्या हातातच होता. मागच्या गाड्या आल्या. बैलांनी एकमेकांकडं बघितलं असेल, हुंगलं असेल, कोण जाणे. ज्याला जी जागा मिळाली तिथं तो शिरला आणि तिथंच राहिला. नागपूरची मोटार आली, आपल्या पट्ट्यातून आत शिरली आणि लोक चढवून त्याच पट्ट्यातून बाहेर पडली. ड्रायव्हरनं भोंगा वाजवला नाही. वाजवायला कारण नव्हतं.

केशवराव दुपारी आले. दोन्ही अंगांनी फिरले. एका दगडापाशी थांबले. मीठ चाटून खळगा झाला होता. रेघ ठसठशीत होती.

"मीठ दर आठवड्याला लागेल," ते म्हणाले.

"लागन."

"दुकानातून नेत जा. गाड्या इथंच राहतील."

एवढं बोलून ते गेले. नत्थूजीनं मान हलवली, जणू आधीच ठरलेलं कुणीतरी पुन्हा सांगितलं.

रामाजी उशिरा पोचला. पंचफुलाचा मोठा भाऊ, आदल्या दिवशीच सावरगावहून निघालेला. त्याचे बैल या मैदानात कधी आले नव्हते. तरी शेवटच्या रिकाम्या जागेकडे ते आपसूक वळले. रामाजी उतरला, अंग ताणलं आणि बहिणीला शोधू लागला. पंचफुला पेटीशेजारी उभी होती. पेटी तिनं सकाळीच घरून आणवली होती. बोललं ते केलं पाहिजे, म्हणून. केशवराव काय बोलले ते अजून तिच्या कानी आलं नव्हतं.

"चल," रामाजी म्हणाला. "उजेड हाये तोवर निम्म्या वाटेपावेतो पोचू. जवाई कुठी हाये?"

"तिकडं. मोटारीपाशी."

रामाजीनं पेटी गाडीत टाकली. जू उचललं. बैलांना हाक दिली. बैलांनी कान हलवले. त्यानं कासरा ओढला. बैलांनी मान वर केली नाही. त्यानं पाठीवर थाप मारली, मग नाव घेऊन चुचकारलं, मग शिवी दिली. दोन्ही बैल दगडाशी मान लावून चाटत होते.

"काय घातलं गा या जवायानं?" रामाजी म्हणाला. "माहे बैल असे नोहेत."

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला नत्थूजी उकिडवा बसला होता. मोटारीच्या चाकानं एका रेघेला टवका पाडला होता. त्यानं बोट ओलं केलं, जमिनीवर घासलं, जिभेवर ठेवलं. डोळे मिटले. पंचफुला त्याच्याकडं बघत उभी राहिली, तो डोळे उघडेपर्यंत.

मग तिनं गाडीतून पेटी उतरवली.

"बैलाले चाटू दे, दादा," ती म्हणाली. "तू जेवूनच जाजो."